कॅमेरा, काटा आणि अमानत

नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा या आपल्या बाजारपेठांत गेल्या काही वर्षांत एक बदल फारसा गाजावाजा न होता घडून आला आहे. पूर्वी किराणा दुकानात दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये गल्ल्याची आडवी फळी असे. गिऱ्हाइकाने यादी वाचायची, नोकराने पुड्या बांधायच्या आणि माल दुकानदाराच्या हातूनच आपल्या पिशवीत पडायचा. आता आतला माल बाहेर आला आहे. आपण टोपली घेऊन मांडण्यांमधून फिरतो, हवे ते उचलतो, नको ते परत ठेवतो आणि शेवटी आपल्या पायांनी बिलाच्या मेजापाशी येतो. पैसेही आपणच भरतो. मोबाइलसमोर क्यूआरची चौकट धरायची, रक्कम लिहायची, आणि दुकानदाराने मान वर करण्यापूर्वी पायरी उतरायची.

परदेशांत याच्याही पुढची पायरी गाठली गेली आहे. तेथे ग्राहक प्रत्येक वस्तूवरील पट्टी स्वतःच यंत्रापुढे धरतो, स्वतःच बिल करतो आणि कोणाशीही न बोलता निघून जातो. याला सेल्फ चेकआउट म्हणतात. आपल्या मोठ्या शहरांतील काही दुकानांत तो आला आहे. आपल्या तालुक्यांपर्यंत यायला त्याला फार काळ लागेल असे वाटत नाही. पण तो ज्या प्रश्नावर उभा आहे तो प्रश्न येथे आधीच पोहोचला आहे. ज्याच्या हाती आपण आपला माल मोकळेपणाने दिला, त्याच्यावर आपण डोळा ठेवावा काय? आणि डोळा ठेवल्यामुळे जो माणूस सचोटीने वागला, त्याच्या सचोटीचे मोल किती?

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. जेथे वस्तू मोकळी, तेथे हात लांबतो, हा अनुभव जगभरचा आहे. परदेशी दुकानांत महाग फळ तराजूवर ठेवून यंत्राला मात्र स्वस्त फळाचे नाव सांगण्याची युक्ती इतकी रूढ झाली, की तिला लोकांनी नावेही दिली. मग कंपन्यांनी उपाय योजले. पिशवी ठेवण्याच्या जागेखाली वजनकाटा बसवला, म्हणजे पट्टी न दाखवता वस्तू आत गेली तर यंत्र अडून बसते. डोक्यावर कॅमेरे आले, आणि वस्तू व हाताची हालचाल ओळखणाऱ्या संगणकीय प्रणाली आल्या. अ‍ॅमेझॉनने २०१८ साली सिअ‍ॅटल शहरात एक दुकान लोकांसाठी उघडले, जेथे बिल करणेच नव्हते. छतावरचे कॅमेरे पाहत, मांडणीखालचे काटे वजन टिपत, आणि ग्राहक बाहेर पडला की रक्कम आपोआप वळती होई. पुढे २०२४ मध्ये त्याच कंपनीने आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही रचना काढून घेतली. इंग्लंडमधील बूथ्स या दुकानसमूहाने तर २०२३ मध्ये जवळजवळ सर्व दुकानांतील स्वयंबिलाची यंत्रे उचलून पुन्हा माणसे उभी केली.

आपल्याकडे हीच कथा आपल्या पद्धतीने घडली. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि वडापावच्या गाडीपासून खताच्या दुकानापर्यंत क्यूआरच्या चौकटी लागल्या. गिऱ्हाइकाने पैसे भरले असे म्हणायचे आणि दुकानदाराने विश्वास ठेवायचा. थोड्याच काळात जुन्या व्यवहाराचे चित्र दाखवून निघून जाणारे निघाले. हुबेहूब पैसे भरल्याचा पडदा दाखवणारी बनावट अ‍ॅपेही निघाली. त्यावर उतारा म्हणून रक्कम मोठ्याने उच्चारणारी ती छोटी पेटी आली. आज एसटी स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा ती बोलत असते. सेल्फ चेकआउटचा आणि त्यातील चोरी रोखण्याचा आपला देशी अवतार तो हाच.

आता हा प्रश्न शरीअतच्या कसोटीवर घासून पाहू. मदरशांमधून आजही शिकवला जाणारा हिदाया हा हनफी फिक्हचा ग्रंथ बाराव्या शतकातील आहे. त्यात चोरीच्या प्रकरणात एक विचार आढळतो, जो आजच्या दुकानदाराला चकित करील. चोरीची ठरलेली शिक्षा लागू होण्यासाठी माल ‘हिर्ज’मधून, म्हणजे राखलेल्या, बंदिस्त जागेतून, लपून नेलेला असावा लागतो. ज्या जागेत शिरण्याची लोकांना सर्रास मुभा आहे, तेथे ही अट पुरी होत नाही. उदाहरणे म्हणून सार्वजनिक हमामखाना, मुसाफिरखाना आणि व्यापाऱ्यांची दिवसा उघडी असलेली दुकाने दिली आहेत. रात्री कुलूप लागल्यावर तेच दुकान पुन्हा हिर्ज होते.

ही सूट चोराला दिलेली नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. शिक्षा देणे हे शासनाचे आणि न्यायालयाचे काम आहे, आणि ज्या देशाचे आपण नागरिक आहोत तेथे देशाचा कायदा चालतो. आपल्या कामाची आहे ती फुकहांची दृष्टी. मालकाने दार उघडून तुम्हाला आत घेतले त्या क्षणी माल आणि तुम्ही यांच्यातील भिंत त्याने स्वतः पाडली. आता तुम्ही त्याच्या दृष्टीने परके उरला नाहीत. तुम्ही अमीन झालात, विश्वस्त झालात. म्हणून तेथून उचललेल्या वस्तूला ‘सरिका’ म्हणण्याऐवजी ‘खियानत’ म्हणणे अधिक अचूक ठरते. दुनियेतील शिक्षा हलकी असेल, परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुनाफिकाची लक्षणे सांगताना खोटे बोलणे आणि वचन मोडणे यांच्या पंक्तीला अमानतीत खियानत करणे बसवले आहे. घरफोड्या आणि मांडणीवरचा साबण खिशात टाकणारा यांच्यात समाज पहिल्यालाच चोर म्हणतो. दुसऱ्याने मात्र चोरीबरोबर विश्वासही नेलेला असतो.

तर मग विश्वस्त नेमलेल्या माणसावर पहारा ठेवणे हा त्याचा अपमान होत नाही काय? येथे मला नाणेघाट आठवतो. जुन्नरच्या पश्चिमेला, कोकणातून वर येणाऱ्या त्या सातवाहनकालीन व्यापारी वाटेच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. घाट चढून आलेले व्यापारी त्यात जकात टाकीत, असे परंपरेने सांगितले जाते. (त्याच घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे आणि त्यातील आकडे अंकलेखनाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात, हिशेबाची आणि या डोंगराची सोयरीक जुनी आहे.) मराठीतला ‘जकात’ हा शब्द अरबीतील ‘जकात’वरूनच आला. एकाच शब्दाला दोन अर्थ चिकटले. एक नाक्यावर उभे राहून वसूल केला जाणारा कर. दुसरा श्रद्धावंताने स्वतःच्या संपत्तीतून स्वतः मोजून काढलेला गरिबांचा हक्क.

या दुसऱ्या जकातीचा इतिहास आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. फिक्हमध्ये मालाचे दोन प्रकार मानले आहेत. जनावरे आणि शेतीचे उत्पन्न हा उघडा माल; रोकड, सोने आणि व्यापारी माल हा झाकलेला माल. उघड्या मालाची जकात शासनाचे अंमलदार गोळा करीत. झाकलेल्या मालाचीही वसुली सुरुवातीला शासन करीत असे, परंतु हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात संपत्ती वाढली, घरोघरी जाऊन तपास करायचा तर लोकांना उपद्रव होणार हे दिसू लागले, तेव्हा ती जकात ज्याची त्याने काढावी असे त्यांनी लोकांवर सोपवले. हनफी फुकहांनी या निर्णयाची कारणमीमांसा अशीच केली आहे. विचार करा. काही लोक कमी देतील, काही मुळीच देणार नाहीत, हे त्या खलीफांना कळत नसेल काय? त्यांना ते कळत होते. तरीही लोकांच्या पेट्या उघडून पाहण्याचे नुकसान त्यांना बुडणाऱ्या दिरहमांच्या नुकसानीहून मोठे वाटले. चौदाशे वर्षे आपण या बाबतीत स्वतःचे बिल स्वतःच करीत आलो आहोत, आणि रमजानमध्ये कोणताही कॅमेरा आपल्या कपाटावर लागलेला नसतो.

याचा अर्थ दुकानदाराने डोळे मिटून बसावे असा मी लावत नाही. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून करू, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांध, मग भरवसा ठेव, असेच सांगितले. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत नमाजविषयी नाही, रोजाविषयी नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, सूरह बकराची २८२ वी. लेखक हवा, साक्षीदार हवेत, रक्कम लहान असो वा मोठी लिहिण्याचा कंटाळा करू नये. लेखी नोंद म्हणजे समोरच्यावर अविश्वास, ही आपल्याकडची भाबडी समजूत या आयतीने मुळातच काढून टाकली आहे. नोंद दोघांनाही राखते. रक्कम बोलून दाखवणारी पेटी मला याच जातीची वाटते. ती गिऱ्हाइकाचा चेहरा पाहत नाही, तो कोणत्या वाडीतून आला हे विचारत नाही. व्यवहार झाला की झाला एवढेच सांगते, आणि ज्याने खरोखर पैसे भरले त्यालाही संशयातून सोडवते. पिशवीखालचा काटाही बहुतांशी असाच. दुधाच्या संकलन केंद्रावरील फॅट मोजण्याचे यंत्र हे त्याचेच भावंड. दूध कोणाचेही असो, यंत्र दुधाकडे पाहते.

कॅमेऱ्याचे मात्र दोन स्वभाव आहेत. गल्ल्यावर आणि दारावर रोखलेला, सर्वांना दिसणारा, खाली तशी पाटी लावलेला कॅमेरा हा राखणदार आहे. पण जेव्हा त्याच्या मागे बसलेला माणूस, किंवा आता माणसाच्या जागी बसवलेली प्रणाली, व्यवहार सोडून व्यक्ती निवडू लागते, तेव्हा गोष्ट बदलते. सूरह हुजुरातने एकाच आयतीत तीन पापांना क्रमाने मनाई केली आहे: वाईट ग्रह, मग टेहळणी, मग पाठीमागे निंदा. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मनात ग्रह होतो. मग तो खरा करण्यासाठी डोळा लागतो. आणि डोळ्याने जे पाहिले ते चार लोकांत जाते.

हा धोका कोणाच्या वाट्याला येतो, हे आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातून घोडेगाव-मंचरच्या बाजारात उतरणाऱ्या ठाकर किंवा कातकरी बाईला विचारावे. चकचकीत दुकानात ती पाऊल ठेवते तेव्हा नोकर तिच्या मागून चालू लागतो. बुरख्यातील आपल्या भगिनींनाही ही पावले ओळखीची आहेत. टापटीप कपड्यांतल्या माणसामागे ती येत नाहीत. उद्या हाच अनुभव यंत्राला शिकवला गेला, तर यंत्र तेच करील, आणि वर यंत्र कसे पक्षपात करील असे आपल्यालाच ऐकवले जाईल. या देशात हे एकदा कायद्याने घडून गेले आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमाती जन्मतःच चोर ठरवल्या; त्यांच्या हालचालींची हजेरी लागू लागली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारधी समाजाच्या कपाळावरचा तो शिक्का लोकांच्या नजरेतून अजून गेलेला नाही. तुमच्या दुकानात कॅमेरा असेल आणि तुम्ही नमाजी असाल, तर एवढे करा. आज दिवसभरात तुमची नजर पडद्यावर कोणाकोणावर थांबली, ते रात्री इशाच्या नमाजनंतर आठवून पाहा. निष्पाप माणसाला सर्वांसमोर पिशवी रिकामी करायला लावणे हा त्याच्या अब्रूवरचा घाला आहे, आणि हज्जतुल विदाच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) अब्रू ही रक्त व मालमत्तेच्या बरोबरीने पवित्र ठरवली आहे.

आणखी एक गोष्ट या सर्व चर्चेत कोणी बोलत नाही. चोरी रोखणारी एवढी यंत्रे निघाली, ती सर्व एकाच दिशेला तोंड करून उभी आहेत. ती ग्राहकाकडे पाहतात. कुरआनाने मात्र बाजारावर बोलताना ज्याच्या हातात काटा आहे त्याला आधी धरले. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच, घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी मोजणाऱ्यांच्या विनाशाने होते. हजरत शुऐब (अ.) यांच्या कौमला त्यांनी एकेश्वरवादाबरोबर दिलेली शिकवण माप पुरे करण्याची होती. मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा वर कोरडे आणि आत ओले निघाले, पावसाने भिजले असे विक्रेता म्हणाला, तर मग ओले वर का ठेवले नाहीस असे विचारून, फसवणारा आपल्यातला नाही असे त्यांनी सुनावले. तो तपास होता, आणि तो विकणाऱ्याचा होता.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हा हात आजही लागतो. क्रेटच्या वरच्या थरात लालबुंद, एकसारखी फळे आणि खाली दबलेली, हे करणारा शेतकरी असतो. कडत्याच्या नावाखाली वजनातून काही किलो कापणारा व्यापारी असतो. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग मराठीने उगीच घडवलेला नाही. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर टोमॅटोचे भाव गगनाला भिडले तेव्हा शेतातून टोमॅटो चोरीला जाऊ लागले, आणि मराठवाड्यात एका शेतकऱ्याने राखणीसाठी शेतात कॅमेरा बसवल्याची बातमी आली. त्याचे दुःख खरे होते. परंतु भाव पडतो आणि तोच माल रस्त्यावर ओतावा लागतो तेव्हा कोणता कॅमेरा काय टिपतो, हाही प्रश्न विचारायला हवा. ज्या दुकानात गिऱ्हाइकावर आठ डोळे आहेत त्या दुकानातील पाकिटावरचे वजन, बदललेली तारीख आणि मांडणीवर एक व बिलात दुसरी किंमत यांवर किती डोळे आहेत? मालक जर मुस्लिम असेल, तर आधी हे डोळे लावावेत आणि मग दुसरे.

आता तरुण वाचकांचे एक म्हणणे घेतो, कारण जुम्याच्या बयानानंतर ते निरनिराळ्या शब्दांत कानावर येते. छोट्या दुकानदाराचे कोणी बुडवू नये हे मान्य. पण या मोठ्या कंपन्या आपल्याला लुटतातच, चार वस्तू गेल्या तर त्यांचे काय बिघडते? आधी हिशेबाचेच सांगतो. कंपनी आपली घट किमतीत धरते. म्हणजे तुम्ही न दाखवलेल्या पाकिटाचे पैसे तुमच्या मागे रांगेत उभी असलेली बाई भरते. अनेक ठिकाणी हिशेबात आलेली तूट त्या पाळीतील मुलाच्या पगारातून कापली जाते, आणि तो मुलगा तुमच्याच गावचा असतो.

दीनचे उत्तर याहून कठोर आहे. जो तुझ्याशी खियानत करतो त्याच्याशीही तू खियानत करू नकोस, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आणि हिजरतची रात्र आठवा. मक्केचे लोक त्यांच्या जिवावर उठले होते, तरी आपल्या मौल्यवान वस्तू त्यांच्याकडेच ठेवीत होते. घराला वेढा पडला असताना त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले ते या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. त्या ठेवी शत्रूंच्या होत्या, धनवानांच्या होत्या, मुसलमानांना छळणाऱ्यांच्या होत्या. वसुलीचे याहून चांगले निमित्त कोणाला मिळाले असते?

राहिला प्रश्न पाहऱ्याखालच्या सचोटीचा. एक रिवायत आहे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना रानात एक गुलाम मेंढपाळ भेटला. एक मेंढी विकत दे, असे त्यांनी म्हटले. मेंढ्या मालकाच्या आहेत, तो म्हणाला. परीक्षा पाहण्यासाठी त्यांनी सुचवले की मालकाला सांग, लांडग्याने नेली. त्यावर, मग अल्लाह कोठे आहे, असे त्या मेंढपाळाने विचारले. जुन्नरच्या माणसाला या गोष्टीचे स्पष्टीकरण लागत नाही. येथे लांडग्याच्या जागी बिबट्या आहे, आणि बिबट्याने नेली हे कारण इतके तयार आहे की वनखाते पंचनामा केल्याशिवाय भरपाई देत नाही. पंचनामा योग्यच आहे. उंट बांधण्यापैकीच तो आहे. पण त्या मेंढपाळाची ओळख पंचनाम्यातून झाली नसती. पुढे अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी त्याला विकत घेऊन मुक्त केले, असे रिवायत सांगते.

यंत्र हात थांबवू शकते, आणि हात थांबणे ही लहान गोष्ट नाही. पापाची संधी कमी होणे हीसुद्धा रहमत आहे. मात्र प्रत्येक यंत्र कधीतरी चुकते. वीज जाते, रेंज जाते, पट्टी वाचली जात नाही, दोन पाकिटे एक म्हणून मोजली जातात. मेंढपाळाचे रान तेथे सुरू होते.

म्हणून शेवटी एक मसला, जो हल्ली वारंवार विचारला जातो. घरी आल्यावर पिशवीत बिलात नसलेली वस्तू निघाली, किंवा पैसे गेले नव्हते हे रात्री कळले, तर काय करावे? वस्तू जशीच्या तशी असेल तर ती परत न्यावी, किंवा मालकाच्या संमतीने तिची किंमत द्यावी. वापरली गेली असेल तर किंमत द्यावी. मालक वारला असेल तर वारसांना द्यावी. दुकान बंद होऊन मालकाचा पत्ताच लागत नसेल, आणि शोधूनही लागला नाही, तर त्याच्या वतीने ती रक्कम सदका करावी, सवाबची नियत त्याच्यासाठी ठेवावी. आणि जुनी गोष्ट असेल, मुद्दाम केलेली असेल, सांगायला तोंड होत नसेल, तर सांगणे बंधनकारक नाही. हक्क हक्कदाराला पोहोचणे आणि अल्लाहपाशी तौबा करणे बंधनकारक आहे. त्याच दुकानाची ती चौकट पुन्हा एकदा टिपा आणि रक्कम भरा. पेटी ती मोठ्याने उच्चारील. कशाबद्दल, हे दुकानदाराला कळले नाही तरी चालेल.